तीस डझन वाढल्या

२७ जुलै, रविवार

प्रेम म्हणतो, हिशेबात जे लिहिलं न्हाई ते झालंच न्हाई. मी म्हणलं, मंग मी सोनूबाई, तुझ्या बापाची माय, जन्मभर राबले ते झालंच न्हाई म्हण की. माझं कुठं काय लिहिलंय? म्हणून तृप्तीला वही घेऊन बसवलं. तृप्ती प्रेमची धाकटी बहीण, नर्सिंगच्या प्रवेशाची वाट बघत घरी आहे. मी बोलते, ती लिहिते. माझ्या 'हाय'चं ती 'आहे' करते. शिकलेली पोरगी, करू दे. 'न्हाई'चं 'नाही' करायला लागली तेव्हा मात्र मी तिचा हात धरला. न्हाई म्हणजे न्हाई.

लिहिण्यासारखं काय, तर दुकान. हायवेला लागून घराची पुढची खोली आहे. खतवाल्यानं ती सोडली, तशी माझी सून दैवशाला म्हणाली, बांगड्यांचं दुकान टाकू. माझा लेक रामकिसन म्हणाला, 'आपण शेतकरी माणसं. आता काय बांगड्या भरायच्या?'

दैवशाला म्हणाली, 'तुम्ही नका भरू. मी विकते.'

ह्याच्यावर तो दोन दिवस बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी मोसंबीचे पैसे काढून दिले. चारशे डझन माल आला. बायांच्या हातात बांगड्या भरायला धनगरवस्तीवरची आसराबाई ठेवली. तिचा हात लोण्यासारखा. तोंड मिरचीसारखं, पण बांगडी तोंडानं भरत न्हाईत.

माझं काम खुर्चीचं. गल्ल्याशेजारी लाल प्लास्टिकची खुर्ची टाकलीय, तिच्यावर बसून मोजायचं. गुडघ्यांनी शेत बंद केलं तेव्हापासून मी मागच्या खोलीत पडून पंखा बघत होते. आता रस्ता बघते. पंखा एकाच बाजूनं फिरतो, रस्ता दोन्हीकडून येतो.

लिहिता येत न्हाई म्हणून बिस्किटाचे दोन डबे घेतलेत. डझनभर बांगड्या कुणाच्या हातात भरल्या की एका डब्यात चिंचोका. डझनभर वाढल्या की दुसऱ्या डब्यात खडा. वाढल्या म्हणजे फुटल्या, पण बांगडी फुटली असं सवाष्णीपुढं म्हणत न्हाईत. दुकान मांडलं त्या दिवशी अंबडचे रखमाजी कासार मुद्दाम आल्ते. त्यांनी बजावलं, 'सोनूबाई, आपल्या धंद्यात दिवा विझत न्हाई, दुकान बंद होत न्हाई, बांगडी फुटत न्हाई. समदं वाढतं.' म्हातारा जाईपर्यंत एकही वाईट शब्द बोलला न्हाई. उधारी मागायची वेळ आली की काय बोलतो, ते विचारायचं राहिलं.

प्रेम जालन्याला कर भरून देणाऱ्या एका साहेबाच्या ऑफिसात आहे, रविवारी येतो. एरवी संध्याकाळी मी फोनमधला त्याचा फोटो दाबते, माइकचं चित्र दाबून धरते आणि सांगते, आज एवढ्या भरल्या, एवढ्या वाढल्या. तो तिकडं कॉम्प्युटरात घालतो.

आज त्यानं मला हिशेबाचं मर्म सांगितलं. सुरुवातीला होता तो माल, त्यात नवा आणलेला मिळवायचा, महिन्याच्या शेवटी उरलेला मोजून वजा करायचा. जे राहिलं तो विकलेला माल. तो आपल्याला कितीला पडला ते काढायचं आणि विक्रीतून वजा करायचं. मंग नफा.

मी म्हणलं, हे तर पिठाच्या डब्याचं झालं. डब्यात होतं ते, गिरणीतून आणलं ते, आणि आज तळाला आहे ते. पण बाबा, जे तळाला न्हाई ते समदं भाकरीतच गेलं कशावरून? उंदरानं खाल्लं तर?

'त्याला घट म्हणतात आजी. ती वेगळी लिहायची.'

मी म्हणलं, घट बसायला लई वेळ आहे, आधी पंचमी येऊ दे.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. माहेराला आलेल्या पोरींनी दुकान भरून गेल्तं. आसराबाईला पाणी प्यायला फुरसत न्हाई. लग्नानंतर पहिल्यांदा पंचमीला आलेली पोरगी असली की मी एक बांगडी वरून देते. तिला चिंचोका टाकत न्हाई. माहेरपणाची वस्तू मोजायची नसते.

संध्याकाळी फोनात सांगितलं, आज बत्तीस भरल्या. लगेच प्रेमचा फोन. 'आजी, बत्तीस डझन भरल्या? आईनं माल कधी आणला?'

'माल न्हाई रे. हातात भरल्या.'

'आमच्याकडं माल भरला म्हणजे खरेदी. मी खरेदीतच टाकून राह्यलो होतो.'

मंग दोघांनी ठरवलं. दुकानात आल्या तर आणल्या म्हणायचं, हातात गेल्या तर भरल्या म्हणायचं. एकदा बोलून घेतलेलं बरं असतं. आता आमच्या दोघांत न कळण्यासारखं काही राहिलं न्हाई.

४ ऑगस्ट, सोमवार

जालन्याहून तीनशे डझन माल आला. दैवशाला टेम्पोवाल्याशी भाड्यावरून भांडली, मंग हमालाशी भांडली, मंग दोघांना चहा पाजला. मी विचारलं, हे भाडं न् हमाली कुणाच्या डोक्यावर? ती म्हणाली, प्रेम म्हणतो बांगडीच्याच. भाडं, हमाली धरून बांगडी कितीला पडली ते लिहायचं. मी म्हणलं, बांगडी पडली म्हणू नको गं, पडली की लगेच वाढते.

आणि तसंच झालं. तळाच्या खोक्यातल्या सहा डझन वाटेतच वाढलेल्या. हिरव्या काचा नुसत्या चमकून राह्यल्या. जीव हळहळला. नवं दुकान, नवा माल.

प्रेमला सांगितलं, 'पार्सलातल्या सहा डझन वाढल्या बाबा.'

त्याचा आवाज आला, 'अरे वा. बरं झालं.'

मी फोन कानाला लावून दोनदा ऐकलं. बरं झालं. तृप्तीला म्हणलं, तुझ्या भावाला जालन्याचं पाणी बाधलं. ती म्हणाली, कामात असेल, अर्धवट ऐकलं असेल. असेलही. का हिशेबाला फूटतूट चांगली असते, कुणास ठाऊक. सरकारला दाखवायला बरी पडत असेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते वहीत लिहवते, पण घरात कुणाला सांगायचं न्हाई. तृप्ती, तू बी न्हाई.

दैवशाला गल्ल्याचे पैसे भरायला अंबडला बँकेत गेल्ती. दुपारी आसराबाईचा नवरा बिरू मेंढरं घेऊन हायवेनं चालला होता. बायको दिसावी म्हणून दुकानासमोरून घेतली. एवढ्या वर्षांनी बी बघावंसं वाटतं, चांगलं आहे. पण त्याच्या कळपातला एक बोकड रस्ता सोडून सरळ आत आला. आतल्या आरशात त्याला दुसरा बोकड दिसला. मंग त्यानं मान खाली घातली.

आरसा वाचला. शेजारची फळी खाली आली. वीस डझन वाढल्या.

आसराबाई मटकन खाली बसली. मी म्हणलं, 'उठ. बोकडाला बांगड्या बघायच्या होत्या, बघितल्या. काचा भर.'

'मावशी, वहिनी मला काढून टाकतील.'

'बोकडाचं नाव कोण घेतंय? वाढल्या एवढंच सांगायचं. काय वाढलं ते हिशेबात येतं, कुणी वाढवलं ते न्हाई.'

डब्यात वीस खडे टाकले आणि संध्याकाळी सांगितलं, आज पंधरा भरल्या, वीस वाढल्या. प्रेमनं विचारलं, 'वीस? एकदम कुठल्या?' मी म्हणलं, जुन्या मालातल्या. खोटं न्हाई, जुनाच माल होता.

तो म्हणाला, 'झकास आजी. अशाच वाढू देत.'

मी आता ह्या पोरावर बोलणार न्हाई. बोकडाला तरी काही कळत न्हाई.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा झाला, महालक्ष्म्यांच्या आधी माल मोजायचा म्हणून आज दुकान अर्धा दिवस झाकून ठेवलं. समदे बसले. दैवशाला खोकी उघडून देत होती, तृप्ती मोजत होती, प्रेम मांडीवर कॉम्प्युटर घेऊन, रामकिसन मोसंबी सोलून सगळ्यांच्या तोंडात फोड घालत होता. असं घर एकत्र बसलेलं बघितलं की बरं वाटतं.

मोजून झालं. दोनशे एकोणीस डझन. प्रेम म्हणाला, पुन्हा मोजा. पुन्हा तेवढ्याच. कॉम्प्युटर म्हणत होता, दोनशे ऐंशी पाहिजेत. एकसष्ट डझन माल कमी.

रामकिसन मोसंबी खाली ठेवून म्हणाला, 'म्हणजे सगळा नफा त्याच्यात गेला.'

दैवशालानं विचारलं, 'फूटतूट धरलीस का रे?'

प्रेम म्हणाला, 'आजी जे जे सांगते ते सगळं टाकलंय. त्याच्यावरही एकसष्टची घट आहे.'

मी म्हणलं, मी बराबर सांगते, डबे आहेत माझे. प्रेमनं माझ्याकडं बघितलं आणि कॉम्प्युटर मिटला. मोसंबीच्या फोडी तशाच राहिल्या. शेवटी मीच खाल्ल्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

घरात कुजबुज चाललीय. मी आले की थांबते. मला काय कळत न्हाई? आसराबाईवर संशय आहे ह्यांचा. बाहेरची बाई, दिवसभर बांगड्या हाताळते, मंग तिच्यावरच जाणार. आज मी मुद्दाम मोठ्यानं म्हणलं, 'माणूस ज्याच्या त्याच्या हातानं ओळखावं. आसराबाईचा हात मला माहीत आहे.'

दैवशाला म्हणाली, 'आत्याबाई, आसराबाईचं कोण बोलून राह्यलं?' आणि भाकरी थापायला लागली. भाकरी एका बाजूनं जाड झाली. खोटं बोललं की तिची भाकरी तशी होते.

संध्याकाळी गोड आवाजात विचारते, 'आत्याबाई, तुम्ही कधी कुणाला बांगड्या तशाच दिल्या का हो? सहज विचारते.'

मी म्हणलं, एखाद्या पोरीला एखादी. ती म्हणाली, एखादीच का? मी म्हणलं, हो. तिनं मान हलवली. बिचारीला वाटतंय, आसराबाईचं कमी भरावं म्हणून थोडं माझ्याकडून निघतंय का बघावं. मनानं चांगली आहे.

इथं तृप्तीनं पेन थांबवला. डोळ्यात काही गेलं म्हणते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दैवशाला मला डोळे तपासायला अंबडला घेऊन गेली. मी म्हणलं, मला हायवेवरच्या ट्रकचा ड्रायव्हर दाढी केलेला का बिनदाढीचा ते खुर्चीवरून दिसतं. तरी नेलं.

असला डोळ्यांचा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला. मला विचारतो, आज वार कोणता. मी सांगितला, म्हणलं, समोर कॅलेंडर लावलंय तुमच्या. मंग म्हणाला, आंबा, खुर्ची, रुपया, हे तीन शब्द ध्यानात ठेवा. मंग, शंभरातून सात गेले किती? मी म्हणलं, तुमची फी गेल्यावर किती उरतात ते आधी सांगा. मंग कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी गोल काढून दिला, म्हणलं, आकडे तुम्ही टाका, शाळेत तुम्ही गेल्ता. शेवटी म्हणतो, मघाचे तीन शब्द कोणते? म्हणलं, 'आंबा, खुर्ची, रुपया. तुम्हीच सांगितले न् तुम्हीच विसरला?'

डोळ्यात मात्र एकदाही बॅटरी मारली न्हाई.

दैवशाला आत त्याच्याशी बोलत बसली. बाहेर आली तर नाक लाल. म्हणाली, 'डॉक्टर म्हणाले, आता तरी सगळं चांगलं दिसतं. पण लक्ष ठेवा.' मी म्हणलं, डोळ्यावर काय लक्ष ठेवायचं? तोच तर लक्ष ठेवतो.

येताना तिनं मला उसाचा रस पाजला, आणि एसटीत खिडकीची जागा दिली. ती स्वतः कधी खिडकी सोडत न्हाई.

३ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्या काल उठल्या. सकाळी पदर खोचून दुकानात निघाले तर रामकिसन आडवा. 'माय, आता जरा आराम कर. दुकानात लई धूळ, ट्रकचा आवाज. काही दिवस घरीच बस.'

'काही दिवस म्हणजे किती?'

'बघू.'

बघू म्हणजे न्हाई, हे मीच त्याला लहानपणी शिकवलंय. जत्रेत खेळणं मागितलं की बघू.

मला डाव कळला. मी तिथं असले तर आसराबाईला काढू देणार न्हाई, म्हणून आधी मला काढलं. लाल खुर्ची मागच्या खोलीत आणून ठेवली. तिच्यावर बसून पुन्हा पंखा.

दुपारी आसराबाई घरी आली. मी म्हणलं, 'तुला काढलं का?'

'न्हाई मावशी. तुम्ही नसल्यावर करमंना म्हणून आले. वहिनी तर माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलून राह्यल्या.' मंग माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, 'मी बोकडाचं सांगून टाकू का?'

'त्याचा काय संबंध? ते वीस तर मी त्याच दिवशी लिहवले. सांगितलेल्या मालाची तूट कशी येईल?'

'तरी बी सांगते. तुमच्यापायी...' एवढं बोलून ती थांबली. माझ्यापायी काय, ते सांगितलं न्हाई. माझे पाय चेपून गेली. मिरची नासली का काय, असं वाटून राह्यलं.

८ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस लिहवलं न्हाई. पंख्याचं काय लिहायचं.

आज एक विचार आला तो लिही. पहाटे दोन्ही डबे घेऊन बसले. एका डब्यात चिंचोके, दुसऱ्यात खडे. माझं मोजणं बराबर असंल तर माल कमी येतोच कसा? आसराबाईनं घेतला न्हाई. मंग एखाद्या दिवशी मीच चिंचोका टाकायला विसरले का? एक दिवस न्हाई, रोज? माझी आजी शेवटी शेवटी जेवून उठली की म्हणायची, मला कुणी जेवायला देईना. आम्ही पोरं हसायचो. तिला खरंच वाटत असंल की.

तृप्ती म्हणते, आजी, हे खोडू का? मी म्हणलं, राहू दे. झालं आहे ते.

१४ सप्टेंबर, रविवार

आज हसून हसून पोट दुखतंय. तृप्ती, नीट लिही, घाई करू नको.

दिवेलागणीची वेळ. दैवशाला दुकानात, रामकिसन जनावरांकडं. प्रेम इथं बाजेवर कॉम्प्युटर घेऊन बसलेला. ट्रकवाल्यांची गर्दी वाढते, बाईमाणूस एकटी, म्हणून मी तृप्तीला म्हणलं, 'तुझ्या आईला फोन कर. म्हणावं, दुकान वाढव आता.'

प्रेम मान वर न करता म्हणाला, 'आजी, दुकान वाढवायचं कसलं काढतेस? हाय तेच चालंना. पैसे कुठंयत वाढवायला?'

मी म्हणलं, 'दुकान वाढवायला पैसे कशाला लागतात? शटर ओढायचं न् कुलूप लावायचं.'

त्यानं मान वर केली. 'म्हणजे बंद करायचं?'

'बंद नको म्हणू. वाढवायचं. धंद्यात बंद म्हणत न्हाईत, फुटलं म्हणत न्हाईत.'

तो माझ्याकडं बघतच राहिला. तोंड उघडं, आत माशी गेली असती तरी कळलं नसतं. मंग अगदी हळू म्हणाला, 'आजी. पार्सलातल्या सहा डझन वाढल्या, म्हणजे काय झाल्या?'

'काय म्हणजे? फुटल्या.'

'आणि त्या वीस?'

'त्या बी. न् तू मला झकास म्हणलास. महिनाभर मी तुझ्या काळजाची काळजी करून राह्यले.'

प्रेमनं कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि बाजेवरून खाली जमिनीवर बसला. दोन्ही हात डोक्याला. 'मी मिळवल्या,' म्हणाला. 'आजी, मी सगळ्या मिळवल्या. मला वाटलं, व्यापाऱ्यानं जास्त पाठवल्या. मला वाटलं, आधी मोजायच्या राहिल्या होत्या त्या सापडल्या. तू म्हणायचीस वाढल्या, मी म्हणायचो बरं झालं.'

तृप्ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मंग रडायलाच लागली. आजकालच्या पोरींचं कळत न्हाई.

मी खड्यांचा डबा आणला. प्रेमनं फोनमधले माझे जुने आवाज एकामागून एक लावले. प्रत्येक वेळी मी म्हणते वाढल्या, तो तेवढे खडे बाजूला ठेवतो. पार्सलाचे सहा, बोकडाचे वीस, चिल्लर चार. तीस खडे. आवाज संपले तेव्हाच डबाही रिकामा झाला.

'तीस कमी करायच्या होत्या, त्या मी तीस जास्त धरल्या,' प्रेम म्हणाला. 'म्हणून कॉम्प्युटरला दुप्पट दिसून राह्यल्या. साठ.'

बोलता बोलता बोकडाचं माझ्याच तोंडून गेलं. तेवढ्यात दैवशाला दुकान वाढवून आली. तिला समदं सांगितलं. ती दारातच खाली बसली, पिशवी हातात तशीच. म्हणाली, 'मेल्या, मला विचारायचं न्हाईस? वाढली म्हणजे फुटली, हे वस्तीवरच्या शेळीला बी माहीत हाय.'

मी म्हणलं, 'शेळीला असंल. बोकडाला न्हाई.'

रामकिसन आला तोवर प्रेमनं नवा हिशेब काढला होता. फुटलेला माल वेगळा दाखवला, भाडं, हमाली धरली, तरी नफा आहे. थोडा आहे, पण आहे. रामकिसननं मोसंब्यांची टोपली पुढं ओढली.

मंग प्रेम म्हणाला, 'पण आजी, तूट एकसष्टची होती. साठ सापडल्या. एक डझन कुठं गेल्या?'

मी पदर नीट केला. म्हणलं, 'पहिल्या पंचमीला माहेराला आलेल्या पोरी मोज. एकेकीला एक. त्या माझ्या.'

१५ सप्टेंबर, सोमवार

आज तृप्तीनं लिहायच्या आधी पेन खाली ठेवला. म्हणाली, 'आजी, एक सांगू? आसराबाईवर कुणाचाच संशय नव्हता.'

'मंग?'

ती वहीची मागची पानं उलटत बसली. मीही मनात उलटत गेले. भाकरी. उसाचा रस. खिडकीची जागा. आंबा, खुर्ची, रुपया. ज्यानं डोळे बघितलेच न्हाईत तो डोळ्यांचा डॉक्टर.

मंग मी म्हणलं, 'लिही, मला पहिल्यापासून माहीत होतं.'

'पण आजी, तुला माहीत नव्हतं.'

'हिशेबात लिहिलं तेच झालं ना? मंग लिही.'

मला पहिल्यापासून माहीत होतं.

दुपारी दैवशाला मागच्या खोलीत आली. तिला बोलायचं होतं, आणि तिला बोलता येत न्हाई, एवढं मला तिच्या लग्नापासून माहीत आहे. लाल खुर्ची उचलून बाहेर निघाली. दारात थांबून म्हणाली, 'आत्याबाई, मी लई घाबरले होते हो.'

'एकसष्ट डझनांना?'

'बांगड्यांना कोण घाबरतंय.'

मी म्हणलं, 'खुर्ची पुसून घे. धूळ लई आहे म्हणतात दुकानात.'

मागोमाग मी गेले. आसराबाई एका बाईच्या हातात हिरवा चुडा भरत होती. मला बघून म्हणाली, 'या, मालकीणबाई. बोकडाचं नाव अखेर घेतलंतच.' मिरची शाबूत आहे. बिरूनं बोकड विकायचं ठरवलं होतं, पण रामकिसननं त्याला सांगितलं, राहू दे, फक्त येताना पलीकडच्या बाजूनं ने. आसराबाई म्हणते, बायको मात्र ह्याच बाजूला आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. हे घट आनंदाचे, हिशेबातली घट न्हाई. मत्स्योदरी देवीला अंबडला जाणाऱ्या बाया सकाळपासून दुकानात थांबून राह्यल्या.

प्रेमनं हिशेबात दोन नवी नावं काढलीत. एक फूटतूट, जे मी वाढल्या म्हणलं की त्यानं वजा करायचं. दुसरं नाव 'आजीचा खर्चा'. त्यात ती एक डझन टाकली. मी विचारलं, हा खर्चा मोठा झाला तर? म्हणाला, त्याला जाहिरात म्हणतात, होऊ दे. त्या पोरींतल्या चौघी आज सासरच्या बाया घेऊन आल्या होत्या, म्हणजे जाहिरातच झाली. पण मी काही त्याच्यासाठी दिल्या नव्हत्या. हे बी लिही.

संध्याकाळी फोटो दाबला, माइक धरला. म्हणलं, 'बाबा, आज चाळीस भरल्या. दोन वाढल्या.'

थोड्या वेळानं त्याचा आवाज आला. 'अरेरे.'

दोन डझन बांगड्या गेल्या आणि मला इतकं बरं वाटलं की मी ते तीनदा लावून ऐकलं. आसराबाईला ऐकवलं. शेजारच्या उसाच्या रसवाल्यालाही ऐकवलं, त्याला काही कळलं न्हाई.

आता झालं. तृप्तीचा प्रवेश झालाय, परवा ती जाणार. मंग लिहायला कोणी न्हाई, आणि लिहिण्यासारखं होतं ते लिहून झालंय. ती वही मिटायला लागली होती. मी म्हणलं, मिटते काय? एवढं शिकलीस न् एवढं कळंना?

वही वाढव.